दुपारी साडेतीनचा ‘हो’

ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये आमचा छोटा गाळा आहे. तीन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, दोन जुने लेथ, एक ड्रिल आणि मला धरून दहा माणसं. पार्टीकडून ड्रॉइंग येतं, त्याप्रमाणे रॉड कापून आम्ही टर्निंगचं, म्हणजे रॉड फिरवत तासून हव्या मापाचा करायचं, जॉबवर्क करून देतो. बाबांनी सुरू केलेला हा धंदा आता मी बघते.

गेल्या मार्चमधली गोष्ट. दुपारचे साडेतीन वाजले होते. अडकलेल्या पेमेंटसाठी एका पार्टीशी फोनवर बोलत होते, समोर जीएसटीचं रिटर्न अर्धं भरलेलं होतं. ऑपरेटर दारात आला आणि म्हणाला, “ताई, साइज पंचवीस फुल ठेवू ना?” मी फोन कानावरून न काढता म्हटलं, “हो.”

ड्रॉइंगवर पंचवीस फुल, म्हणजे बरोबर पंचवीस मिलिमीटर, नव्हतंच. तिथे पंचवीस जी-6 होतं. म्हणजे शाफ्टचा व्यास 24.980 ते 24.993 मिलिमीटरच्या आत हवा. पंचवीस फुल ठेवला की वरची हद्द सात मायक्रॉनने ओलांडली जाते. सात मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचे सात हजारांश, डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा साधारण दहावा हिस्सा. चारशे नग गेले आणि चारशे नग परत आले. काही शाफ्ट बुशमध्ये, म्हणजे ते ज्या नळीत बसतात तिच्यात, सरकत होते, काही मध्येच अडकत होते. व्यास मोठा राहिला होता म्हणून निदान माल भंगारात गेला नाही. ग्राइंडिंगला पाठवून साइझमध्ये आणला, पण त्या कामातली सगळी कमाई त्यातच गेली.

जी-6 म्हणजे काय हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मग जागेपणी ‘हो’ का म्हटलं? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत राहिला. भौतिकशास्त्र शिकलेली असल्याने मी त्याचं उत्तर शोधायला वाचू लागले. हाती आलेलं उत्तर दोन वेगळ्या शास्त्रांत विभागलेलं होतं. अर्धं शरीराच्या घड्याळात होतं आणि अर्धं रांगांच्या गणितात.

आधी घड्याळ. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्या जागेच्या जरा वर, सुमारे वीस हजार चेतापेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते हेच. त्याचा स्वतःचा फेरा चोवीस तासांपेक्षा किंचित मोठा असतो आणि रोज सकाळचा उजेड डोळ्यांत शिरला की ते जुळवलं जातं. पेशीच्या आत हे घड्याळ कसं चालतं, कुठलं जनुक प्रथिन बनवतं आणि ते प्रथिन साठलं की तेच जनुक कसं बंद पडतं, हे फळमाशीवर उलगडून दाखवल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं.

या घड्याळासोबत दुसरी एक गोष्ट चालू असते. आपण जागे असतो तसतसं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढते. झोपलो की ते उतरतं. ही वाढती ओढ आणि घड्याळ, दोन्ही मिळून आपली तरतरी ठरवतात, अशी मांडणी अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 मध्ये केली आणि ती आजही वापरात आहे. दुपारी एक ते चारच्या मधे कधीतरी ओढ बरीच साठलेली असते, पण घड्याळाचा संध्याकाळचा जोर अजून सुरू झालेला नसतो. तिथे तरतरीला खळगा पडतो. याचं खापर आपण जेवणावर फोडतो. भात जास्त झाला की सुस्ती वाढते हे खरंच, पण जेवण टाळलेल्या माणसांतही हा खळगा दिसतो. म्हणजे डबा हलका केल्याने तो बुजणारा नाही.

अशा वेळी आपण चहा मागवतो. चहातलं कॅफिन अ‍ॅडेनोसिन कमी करत नाही. ते फक्त अ‍ॅडेनोसिनची बसायची जागा अडवतं. साठा मागे तसाच वाढत असतो. शिवाय घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीरातून जायला सरासरी पाचेक तास लागतात. संध्याकाळी सहाचं कटिंग रात्री अकरालाही निम्मं शिल्लक असतं, आणि मग झोप बिघडून दुसऱ्या दिवशीचा खळगा आणखी खोल होतो.

झोपेबद्दलचा एक प्रयोग तर मी छापून टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. 2003 मध्ये अमेरिकेत काही निरोगी माणसांना सलग चौदा दिवस रात्री सहाच तास झोपू दिलं. चौदा दिवसांनंतर त्यांचं लक्ष इतकं घसरलं होतं की ती घसरण निदान एक अख्खी रात्र अजिबात न झोपलेल्यांच्या जवळ जात होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आपल्याला किती झोप येते आहे हे त्यांना रोज विचारलं जात होतं, आणि पहिल्या काही दिवसांनंतर त्यांचं उत्तर जवळपास एकाच जागी थांबलं. काम बिघडत चाललं होतं, पण ते त्यांना जाणवत नव्हतं. “मला पाच-सहा तास पुरतात” असं सांगणारे किती उद्योजक मला रोज भेटतात! मीही त्यांतलीच होते. लेथचं बेअरिंग गेलं की आवाज येतो. दमलेला मेंदू तसा आवाज करत नाही.

इथे एक लोकप्रिय समज बाजूला ठेवायला हवा. मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे दोन टक्के आणि ऊर्जा मात्र वीस टक्के खातो, हे बरोबर आहे. त्यावरून असं वाटतं की अवघड विचार केला की टाकी रिकामी होते. पण मेंदूचा खर्च एकाग्र कामाने फारच थोडा वाढतो, तो बसल्या बसल्याही तेवढंच खात असतो. इच्छाशक्तीची टाकी वापराने संपते, ही कल्पना 1998 च्या एका प्रयोगामुळे खूप गाजली होती. 2016 मध्ये तेवीस प्रयोगशाळांनी मिळून ती तपासली तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. म्हणून ‘बॅटरी उतरली’ हे बोलायला ठीक आहे, पण ते यंत्राचं वर्णन नव्हे. 2022 च्या एका छोट्या फ्रेंच अभ्यासाने वेगळा धागा दिला आहे. दिवसभर अवघड मानसिक काम केलेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट नावाचं रसायन साठलेलं आढळलं, आणि ती माणसं थोड्या श्रमात लगेच मिळणाऱ्या फायद्याकडे जास्त झुकत होती. यावर अजून पुष्कळ काम व्हायचं आहे. तरी “हो म्हणून टाक आणि मोकळी हो” असं मनाने त्या दुपारी का सांगितलं असेल, ते मला यात दिसतं.

पण नुसत्या घड्याळाने माझ्या ‘हो’चा उलगडा होत नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यात तीन कामं होती.

सीएनसीवर एक जॉब उतरवून दुसरा चढवायचा म्हणजे जबडे बदला, टूल बदला, ऑफसेट घ्या, पहिला नग काढून मोजा. आमच्याकडे याला पाऊण तास लागतो, आम्ही त्याला सेटिंग म्हणतो. दर पाच नगांनी सेटिंग बदलणारा ऑपरेटर आमच्याकडे एक दिवसही टिकणार नाही. आणि माझं स्वतःचं सेटिंग मात्र दर पाच मिनिटांनी बदलत होतं. कोटेशन, मग फोन, मग डिलिव्हरी चलन, मग टेम्पोवाला, परत कोटेशन. सोफी लरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये दाखवलं की पहिलं काम अर्धवट सोडून दुसऱ्याला हात घातला की लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो आणि पुढचं काम तेवढं कच्चं होतं. मशीनच्या जबड्यात आधीच्या जॉबची बर, म्हणजे धातूची कीस, अडकून राहावी तसं. नवा नग बसलेला दिसतो, पण तो खरा फिरत नाही.

आता दुसरं शास्त्र. मला जास्त हादरवलं ते याने. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग यांनी 1909 मध्ये फोन एक्स्चेंजवर येणाऱ्या कॉल्सचं गणित मांडलं आणि रांगांचं शास्त्र सुरू झालं. कामं अनियमितपणे येतात, एकच खिडकी आहे आणि प्रत्येक कामाला कमी-जास्त वेळ लागतो, असं धरू. खिडकी दिवसाच्या किती टक्के वेळ गुंतलेली आहे, त्यावर रांगेतला थांबण्याचा वेळ ठरतो. सगळ्यात साध्या सूत्रात गुंतलेला हिस्सा भागिले मोकळा हिस्सा, गुणिले एका कामाचा सरासरी वेळ.

माझ्याकडे येणाऱ्या एका प्रश्नाला सरासरी दहा मिनिटं लागतात असं समजा. मी निम्मा वेळ गुंतलेली असेन तर विचारणाऱ्याला सरासरी दहा मिनिटं थांबावं लागेल. ऐंशी टक्के गुंतले तर चाळीस मिनिटं. नव्वद टक्क्यांना दीड तास. पंचाण्णव टक्क्यांना तीन तास दहा मिनिटं! नव्वदवरून पंचाण्णववर जाताना माझं काम जेमतेम वाढलं, पण लोकांचं थांबणं दुपटीहून जास्त झालं. तीनहात नाक्यावर हे रोज दिसतं. रस्ता जवळपास भरलेला असला की थोड्याशा जास्तीच्या गाड्यांनी सगळं ठप्प होतं.

आमच्या तीन सीएनसींपैकी कुठलं मशीन किती चाललं, याची मी वर्षानुवर्षं नोंद ठेवते. पण गाळ्यातला खरा अडलेला सांधा मशीन नव्हतंच, तो मी होते. ऑपरेटर मशीन बंद ठेवून माझ्या दारात उभा राहायचा, मला ते दिसायचं, मग त्याला लवकर सोडायला मी फोनवर बोलता बोलता मान हलवायची. रांग लांब झाली की खिडकीवरचा माणूस घाई करतो आणि घाईत चुका होतात. त्या चुका पुन्हा नवी कामं बनून त्याच रांगेत येऊन उभ्या राहतात. ग्राइंडिंगवाल्याचे पुढचे चार दिवसांतले सगळे फोन मलाच घ्यावे लागले होते.

दमणं आणि अव्यवस्था या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असं मी आधी धरून चालले होते. एकीसाठी सुट्टी घ्यायची, दुसरीसाठी सॉफ्टवेअर विकत घ्यायचं. दोन्ही करून झालं होतं. महाबळेश्वरहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी जिथल्या तिथे होते, कारण रांग तशीच होती.

मग आठवडाभर टेबलावर एक कोरा कागद ठेवला. कोणीही काही विचारलं की एक रेघ, पुढे प्रश्न दोन शब्दांत. शुक्रवारी आमचे फोरमन काका आणि मी तो कागद घेऊन बसलो. काका बाबांच्या वेळेपासून आहेत. कागद बघून ते म्हणाले, “ताई, यातलं निम्मं मला विचारलं असतं तरी चाललं असतं. पण तुम्ही इथे बसलेल्या असता ना, मग पोरं तुम्हालाच विचारतात.” खरंच, बहुतेक रेघा चारच प्रश्नांच्या होत्या. पहिल्या नगाची साइज बरोबर आहे का, पुढचा जॉब कुठला लावू, इन्सर्ट (टूलची कापणारी पाती) संपले ते मागवू का, टेम्पो कधी बोलवू.

1935 मध्ये अमेरिकेत बोइंगचं एक नवं बॉम्बर विमान चाचणीच्या उड्डाणात कोसळलं होतं. यंत्रात दोष नव्हता, वैमानिकही कसलेला होता. उड्डाणाआधी एक खिट्टी सोडायची राहिली होती. उत्तर म्हणून वैमानिकांनी जास्त प्रशिक्षण मागितलं नाही, त्यांनी उड्डाणाआधी वाचायची यादी बनवली. आम्हीही तेच केलं. प्रत्येक मशीनला ‘पहिला नग’ नावाचं कार्ड लावलं. त्यावर ड्रॉइंग नंबर, वरची हद्द, खालची हद्द, मोजून आलेला आकडा आणि सही. आकडा हद्दीत असेल तर मशीन चालू करायचं, कोणाला विचारायचं नाही. हद्दीबाहेर असेल तर काका. दोन हजारांपर्यंतचं टूल काकांनी मागवायचं. पुढच्या जॉबची चिठ्ठी फळ्यावर, आणि फळ्यावर एका वेळी पंधराच चिठ्ठ्या. हा आकडा जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेल्या सोप्या नियमातून काढला. आम्ही दिवसाला सरासरी पाच जॉब पूर्ण करतो. आत तीस जॉब घेतले तर प्रत्येकाला सहा दिवस लागणार, पंधरा घेतले तर तीन. तरीही पार्टीला “होईल हो, पाठवा” म्हणायची सवय मोडायला मला सर्वात जास्त दिवस लागले.

माझ्या वेळेचीही फेररचना झाली. सकाळी तलावपाळीला फेरी मारून येते. मासुंदा तलावाच्या काठावरचा तो उजेड माझ्या घड्याळासाठी आहे. साडेनऊ ते साडेअकरा फक्त ड्रॉइंग आणि कोटेशन, फोन काकांकडे. एका जुन्या पार्टीला हे आवडलं नाही, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. त्यांना मी रोज बाराला स्वतःहून फोन करते. जेवणानंतर दहा मिनिटं वामकुक्षी. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात पाच, दहा, वीस आणि तीस मिनिटांच्या डुलक्या ताडून पाहिल्या होत्या, त्यांत दहा मिनिटांची लगेच गुणकारी ठरली. तीस मिनिटांनी उठणाऱ्यांना आधी गुंगी आली. अडीच ते चार चलनं लावणं, स्टॉक मोजणं, गाळ्यात फेरी मारणं. त्या वेळात मी कशालाही ‘हो’ म्हणत नाही.

ही वेळ सगळ्यांना लागू पडेल असं मात्र नाही. कोणाचं घड्याळ पुढे, कोणाचं मागे असतं, ते काही अंशी आनुवंशिक असतं आणि वयाने सरकतं. आमचा तरुण ऑपरेटर सकाळी आठला अर्धवट झोपेत असतो आणि संध्याकाळी सहाला सर्वांत नीट मोजतो. अवघड सेटिंग आता त्याच्याकडे दुपारनंतर जातं.

संध्याकाळी निघताना अर्धवट राहिलेलं प्रत्येक काम वहीत लिहिते, सोबत ते उद्या किती वाजता, कुठून सुरू करायचं तेही. 2011 च्या एका प्रयोगात मनात घोळत राहणारी अपुरी कामं दुसऱ्या कामात अडथळा आणताना दिसली, आणि ती कशी करायची याची नेमकी आखणी करताच तो अडथळा गेला. काम पूर्ण करायची गरज पडली नव्हती. वहीचं ते पान मिटलं की घरी मुलीशी बोलताना मी तिच्याशीच बोलत असते.

तीच पार्टी परवा पुन्हा पंचवीस जी-6 चा जॉब घेऊन आली. दुपारी चारला मी फेरी मारताना मशीनजवळ पोचले तेव्हा साठेक नग ट्रेमध्ये पडले होते. मला कोणी काही विचारलं नव्हतं. कार्डावर तीन वाजून पस्तीस मिनिटांची सही होती आणि बॉलपेनने लिहिलेला आकडा, 24.986.