गॅमा वर्ल्ड

गॅमा वर्ल्ड : महाविनाशानंतरच्या पृथ्वीवर घडणारा, कागद, पेन्सिल व फासे घेऊन खेळावयाचा अमेरिकन रोल-प्लेइंग (खेळाडूने एखाद्या पात्राची भूमिका वठवायचा) खेळ आणि त्यातील कल्पित जग. जेम्स एम. वॉर्ड व गॅरी जॅक्वेट यांनी रचलेला हा खेळ विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा येथील टीएसआर या संस्थेने १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. उत्परिवर्तित (जनुकीय बदल झालेले) प्राणी व मानव, प्राचीनांची म्हणजे विनाशापूर्वीच्या मानवांची विस्मृत यंत्रे आणि परस्परांच्या जिवावर उठलेले पंथ ही या जगाची तीन अंगे होत.

खेळाच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. वॉर्ड यांचाच मेटामॉर्फोसिस अल्फा हा खेळ १९७६ मध्ये निघाला होता. त्यात वॉर्डन नावाच्या प्रचंड अंतराळयानावर किरणोत्सर्गी आपत्ती ओढवते आणि वाचलेल्यांच्या वंशजांना आपण यानात आहोत याचाही विसर पडलेला असतो. तेच कथाबीज यानातून उचलून पृथ्वीवर रुजविले म्हणजे गॅमा वर्ल्ड, असे पहिले मत आहे. उत्परिवर्तनांच्या याद्या व ती फाशांनी ठरविण्याची रीत यांतील साम्य पाहता ते निराधार म्हणता येत नाही. दुसऱ्या मतानुसार खेळाची मुळे अणुयुद्धोत्तर विज्ञानकथेत शोधावी लागतात. पहिल्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात प्रेरणास्थाने म्हणून ब्रायन ऑल्डिस, आंद्रे नॉर्टन व स्टर्लिंग लॅनियर यांच्या कादंबऱ्यांचा आणि राल्फ बक्षी यांच्या विझर्ड्स (१९७७) या चलच्चित्रपटाचा स्पष्ट निर्देश आहे. नियमांचा सांगाडा मेटामॉर्फोसिस अल्फाचा आणि भूप्रदेश व वातावरण कादंबऱ्यांचे, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. नॉर्टन यांची संबंधित कादंबरी १९५२ ची, म्हणजे मेटामॉर्फोसिस अल्फाच्या बरीच आधीची आहे, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

खेळातील घटना साधारणतः पंचविसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास घडतात. पहिल्या आवृत्तीत संघर्षाचा काळ इ. स. २३०९ ते २३२२ असा दिला असून ‘अपोकॅलिप्स’ नावाचा दहशतवादी गट, त्याने लढणाऱ्या पक्षांना दिलेला निर्वाणीचा इशारा आणि त्यानंतरचा सूड यांतून संस्कृतीचा अंत झाला, असे सांगितले आहे. नंतरच्या आवृत्त्यांनी विनाशाचे कारण बदलत नेले. २००३ च्या आवृत्तीत जैवतंत्रज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता व अब्जांश (नॅनो) तंत्रज्ञान यांना महत्त्व आले. २०१० च्या आवृत्तीत तर लार्ज हॅड्रॉन कोलायडर या प्रचंड कणत्वरकातील प्रयोगामुळे अनेक समांतर विश्वे एकमेकांत मिसळली, असे कल्पिले आहे. प्रत्येक पिढी आपल्या काळातील भीती या रिकाम्या जागेत भरत गेली, असे दिसते.

पात्रे मुख्यतः तीन प्रकारची असतात : शुद्धवंशीय मानव, उत्परिवर्तित मानव व उत्परिवर्तित प्राणी. उत्परिवर्तितांना शारीरिक व मानसिक शक्ती फाशांवर मिळतात आणि त्यांबरोबर काही दोषही पदरी पडतात. शुद्धवंशीयाला अशी शक्ती नसते. त्याऐवजी त्याची सहनशक्ती मोजताना षट्‌मुखी फाशाच्या जागी अष्टमुखी फासा वापरतात, शिवाय प्राचीनांचे यंत्रमानव त्याला अधिक मान देतात. किरणोत्सर्गाची मात्रा सोसण्यापलीकडे गेल्यास इजा, मृत्यू किंवा नवे उत्परिवर्तन यांपैकी काहीही घडू शकते. आनुवंशिकीतज्ज्ञ हर्मन म्युलर यांनी १९२७ मध्ये क्ष-किरणांमुळे फळमाशीत उत्परिवर्तने होतात हे दाखविले, त्याचे हे दूरचे व बरेचसे मोकळे रूपांतर होय. म्युलर यांच्या माश्यांमध्ये बदल पुढील पिढीत दिसून येत. येथे तो जिवंत पात्राच्या अंगी उमटतो. स्पर्शाने धातूचे रबर करणारे ‘हूप’ नावाचे मोठाले ससे आणि माणसांच्या अंगावरील कपड्यांवर ताव मारणारा उडता ‘येक्सिल’ यांवरून रचनाकारांना जीवशास्त्रीय काटेकोरपणा अभिप्रेत नव्हता, हे उघड आहे.

या खेळाचा सर्वांत स्वतंत्र भाग म्हणजे सापडलेली यंत्रे उलगडण्याची पद्धत. पहिल्या आवृत्तीत गुंतागुंतीच्या चढत्या क्रमाने अ, ब, क अशा तीन प्रवाह-आकृत्या दिल्या आहेत. पात्राच्या हाती एखादी वस्तू लागली की खेळाडू आकृतीच्या आरंभबिंदूवरून निघतो, दशमुखी फासा टाकत एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत सरकतो आणि अखेरच्या बिंदूशी पोचल्यास वस्तूचा उपयोग त्याला कळतो. वाटेत कवटी व हाडांच्या चिन्हाकडे वळल्यास अपाय संभवतो. खेळाडू विसाव्या शतकातला असल्याने वर्णन ऐकताच वस्तू ओळखतो. पात्राला मात्र ती ओळखता येत नाही. हे अंतर नियमांतच बांधून टाकल्यामुळे अज्ञानाचे सोंग घेण्याची जबाबदारी केवळ खेळाडूच्या प्रामाणिकपणावर राहत नाही. नंतरच्या अनुकरणांनी उत्परिवर्तनांच्या याद्या उचलल्या, पण ही युक्ती त्या मानाने उपेक्षितच राहिली. प्राचीनांचे ‘डोमार’ हे चलन आणि सुरक्षाव्यवस्थेची ओळखपत्रे यांनाही या जगात मोल आहे. योग्य ओळखपत्र नसल्यास शस्त्रसज्ज यंत्रमानव समोरच्याला शत्रू समजू शकतो.

पंथांना खेळात ‘क्रिप्टिक अलायन्स’ म्हणतात. शुद्धतेचे सरदार उत्परिवर्तित मानवांचा नाश करू पाहतात, तर लोहसमाज शुद्ध मानवांचा. ‘झूप्रिमिस्ट’ प्राण्यांना मानवमात्राचाच तिटकारा आहे. पुनःस्थापक प्राचीनांचे वैभव परत आणू इच्छितात, व्हॉइसचे अनुयायी संगणकाला आणि रेडिओॲक्टिव्हिस्ट किरणोत्सर्गालाच देव मानतात. उपचारक अहिंसक आहेत. ‘क्रिएटेड’ हा पंथ यंत्रमानव व अँड्रॉइड (हुबेहूब माणसासारखे कृत्रिम जीव) यांचा.

पुढील आवृत्त्या १९८३, १९८६, १९९२, २०००, २००३ व २०१० या वर्षी निघाल्या. १९८६ च्या आवृत्तीतील नियमपुस्तक अपुरे ठरल्याने टीएसआरला पुरवणी काढावी लागली. १९९२ च्या आवृत्तीत पुढे प्रचलित झालेल्या, वीसमुखी फाशावर आधारलेल्या डी-२० नियमपद्धतीची काही वैशिष्ट्ये आधीच दिसतात. १९९७ मध्ये टीएसआर ही संस्था विझार्ड्स ऑफ द कोस्ट या खेळ-प्रकाशन संस्थेकडे गेली. १९९७ च्या फॉलआउट या संगणकीय खेळाशी गॅमा वर्ल्डचे नाते कधीकधी जोडले जाते. तथापि त्याचा थेट पूर्वज १९८८ चा वेस्टलँड हा संगणकीय खेळ होय, त्यामुळे ते नाते अप्रत्यक्षच मानावे लागते. म्यूटंट फ्यूचर (२००८) या खेळाची स्थिती वेगळी असून त्यात जुन्या गॅमा वर्ल्डचा वारसा उघडपणे चालविलेला आहे.