डायकिरी

डायकिरी : पांढरी रम, लिंबाचा ताजा रस आणि साखर हे तीन घटक बर्फाबरोबर जोराने हलवून व गाळून, पेल्यात बर्फ न ठेवता दिले जाणारे अभिजात कॉकटेल. मद्य, आंबट आणि गोड यांच्या मेळातून सिद्ध होणाऱ्या ‘सावर’ या पेयकुलातील हे बहुधा सर्वांत सुटसुटीत पेय असून मोजकी सामग्री आणि घरगुती भांडी एवढ्यावरही ते उत्तम बनते.

क्यूबातील सांतियागो दे क्यूबा शहराजवळच्या डायकिरी या ठिकाणावरून त्याला नाव मिळाले. तेथील लोखंडाच्या खाणींवर काम करणारे अमेरिकी अभियंता जेनिंग्ज कॉक्स यांनी १८९८ च्या सुमारास ते प्रथम बनवले, असे सांगितले जाते. ‘शोध’ हा शब्द मात्र येथे जपूनच वापरावा लागतो. कारण ब्रिटिश नौसेनाधिकारी एडवर्ड व्हर्नन यांनी १७४० मध्ये खलाशांची रम पाणी मिसळून देण्याचा हुकूम काढला, तेव्हाच त्यात लिंबू व साखर घालण्याची मुभा उल्लेखिलेली होती. पुढे हाव्हानातील ‘एल फ्लोरिदिता’ या बारमध्ये कॉन्स्तान्तिनो रिबालाइग्वा यांनी या पेयाचे अनेक प्रकार घडवले व त्याला कीर्ती मिळवून दिली.

प्रचलित प्रमाण ६० मिलि. रम, २० मिलि. लिंबाचा रस आणि समभाग साखर व पाण्याचा सुमारे १५ मिलि. पातळ पाक असे आहे. मापाचे भांडे नसल्यास ५ मिलि. चा चहाचा चमचा पुरतो : बारा चमचे रम, चार चमचे रस, तीन चमचे पाक. पाकाऐवजी साखरच वापरायची असेल, तर ती आधी लिंबाच्या रसात पूर्ण विरघळवावी आणि मगच रम ओतावी. थंड मद्यात साखर नीट विरघळत नाही व तळाशी दाणे राहतात. लिंबांचा आंबटपणा फळागणिक बदलत असल्याने बर्फ घालण्यापूर्वी चव पाहून पाक कमीजास्त करणे इष्ट. बाटलीबंद रसाने मात्र हे पेय हमखास बिघडते, कारण तीनच घटकांत एकाचा शिळेपणा झाकायला दुसरे काही नसते.

कृतीत न लिहिलेला चौथा घटक म्हणजे पाणी. बर्फ वितळताना मिश्रणातील उष्णता शोषून घेतो, आणि अल्कोहोलमुळे मिश्रणाचा गोठणबिंदू खाली गेलेला असल्याने पेयाचे तापमान शून्य अंश सेल्सिअसच्याही खाली, उणे ५ अंशांच्या आसपास उतरू शकते. म्हणजे थंडावा आणि पातळपणा ही एकाच क्रियेची दोन अंगे आहेत. दहा ते पंधरा सेकंद जोराने हलवल्यानंतर तापमान आणखी फारसे उतरत नाही, आणि तोवर पेयाचे आकारमान साधारण पाव ते एकतृतीयांशाने वाढलेले असते. ९५ मिलि. मिश्रणात ३० मिलि. पाणी उतरले, तर ४० टक्के तीव्रतेच्या रमपासून बनलेल्या या पेयात अल्कोहोल सुमारे १९ टक्के उरते. रमची बाटली आधीच फ्रीझरमध्ये थंड करून ठेवून बर्फ टाळण्याची युक्ती यामुळेच फसते : पेय थंड होते, पण जिभेला झोंबते. बर्फाचे खडे मोठे, टणक व कोरडे असावेत. पाणी सुटलेला चुरा पेय थंड होण्याआधीच बेचव करतो.

शेकर (पेय बर्फाबरोबर हलवण्याचे झाकणाचे भांडे) नसल्यास घट्ट फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी चालते, आणि खरे तर तिच्यात कसलीच उणीव भासत नाही. मिश्रण ओतून बरणी दोनतृतीयांशापर्यंत बर्फाने भरावी, झाकणावर हात दाबून धरून हलवावी. आतील हवा थंड होऊन आकुंचन पावत असल्याने झाकण कधीकधी चिकटून बसते. अशा वेळी ते ठोकू नये, कडेवर थोडे कोमट पाणी सोडावे. चहाच्या गाळणीने गाळल्यास बर्फाच्या बारीक कपच्या अडतात. हलवण्याऐवजी चमच्याने ढवळले तर पेय थंड होते, परंतु हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांमुळे येणारा हलकेपणा आणि वरचा फेस मिळत नाही. फेस काही मिनिटांतच विरतो, म्हणून पेला आधीच थंड करून ठेवावा आणि पेय गाळताच द्यावे.