‘इक्वल टू’ म्हणजे काय? एका संशोधनाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकांनी संशोधनाला घेतलेला विषय ऐकायला साधा आहे: पहिल्या वर्षाची मुलं कोड वाचताना नेमकं काय वाचतात? प्रश्न त्यांना प्रॅक्टिकलमध्येच सापडला. मराठी शाळेतून आलेल्या, गणितात हुशार असलेल्या एका मुलीने ‘क्ष = क्ष + १’ या ओळीवर पेन्सिलीने फुली मारली होती. “मॅडम, दोन्हीकडचा क्ष उडवला तर शून्य बरोबर एक येतंय की. हे समीकरणच चुकलंय.” शाळेने शिकवलेल्या गणिताप्रमाणे तिचं अगदी बरोबर होतं.

घोळ चिन्हाचा आहे. १९५७ च्या फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेने ‘उजवीकडची किंमत डावीकडच्या नावात ठेव’ या आज्ञेसाठी बरोबरचं चिन्ह वापरलं. नंतर आलेल्या अल्गोल भाषेने त्या चिन्हाच्या डावीकडे दोन टिंबं देऊन (‘:=’) आज्ञा आणि समीकरण वेगळं केलं, पास्कलनेही तेच केलं. सी भाषेने मात्र पुन्हा नुसतं ‘=’ घेतलं आणि आपल्याकडे सुरुवात बहुधा सी नाहीतर पायथॉननेच होते. वर्गात आपण ‘असाइन करा’ म्हणतो आणि लगेच ती ओळ ‘इक्वल टू’ अशी वाचून दाखवतो.

शिकणाऱ्यांच्या अशा अडचणींवर परदेशात ऐंशीच्या दशकात जोमाने काम झालं. तेव्हाचा एक प्रश्न आजही वापरतात: ९९९९९ ही थांबण्याची खूण येईपर्यंत पावसाचे आकडे घ्या आणि सरासरी काढा. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना आलं की इशारा आणि ४३ फुटांना धोका हे तोंडपाठ असलेल्या कोल्हापूरकराला हा प्रश्न जवळचाच वाटेल. पण तो सोडवताना महाविद्यालयीन मुलं अडखळायची, ९९९९९ सुद्धा बेरजेत धरायची. २००१ मध्ये चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना प्रोग्राम लिहायला दिले, तेव्हा ११० पैकी सरासरी गुण पडले २२.८९. २००४ मध्ये सात देशांत तपासलं, तर बऱ्याच जणांना दुसऱ्याचा छोटा कोड ओळीने वाचून उत्तर सांगणंही जड जात होतं. लिहिण्याआधी वाचायला शिकवा, हा विचार तिथून बळावला. या प्राध्यापिकांचं काम त्याच वाटेवरचं.

२००६ मध्ये मात्र गाडी भलतीकडे वळली. इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी काहीही शिकवण्याआधीच मुलांना चाचणी दिली. अ = १०, ब = २०, मग अ = ब; आता अ किती, ब किती? उत्तर बरोबर की चूक याला महत्त्व नव्हतं. सगळ्या प्रश्नांना एकच नियम लावणारी मुलं पुढे पास होतात आणि दर वेळी नियम बदलणारी नापास, असा दावा होता. निकालाच्या आलेखाला उंटासारखे दोन उंचवटे असतात, एक जमणाऱ्यांचा आणि एक न जमणाऱ्यांचा, असंही त्यात होतं. लेख अजून मसुदाच होता, तरी वाऱ्यासारखा पसरला. लोकांनी अर्थ काढला की प्रोग्रामर जन्मावा लागतो.

नंतरच्या चाचण्यांत निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. २०१४ मध्ये दोघांपैकी एका लेखकाने दावा जाहीरपणे मागे घेतला. २०१६ मध्ये कॅनडातल्या एका विद्यापीठाच्या ७७८ गुणयाद्या तपासल्या, तर सुमारे ५.८ टक्के याद्यांतच एकाहून जास्त उंचवटे निघाले. त्याच अभ्यासात असंही दिसलं की, प्रोग्रामिंगची कुवत जन्मजात असते असं मानणाऱ्या शिक्षकांना संदिग्ध आलेखातही दोन उंचवटे दिसण्याची शक्यता जास्त असते.

ही माघार आपल्या स्टाफरूमपर्यंत पोचलेलीच नाही. “याच्या डोक्यात कोडिंग शिरत नाही” हे वाक्य मी वर्ग सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ऐकलंय. ज्या मुलाला चिन्हाचा नवा अर्थ कुणी सांगितलाच नाही, त्याच्या बुद्धीवर असा शिक्का मारणं मला अन्यायाचं वाटतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आणलं आहे, म्हणजे हा शिक्का आता अकरा-बारा वर्षांच्या पोरांवरही बसू शकतो.

फुली मारणाऱ्या त्या मुलीला मॅडमनी ओळ पुन्हा वाचायला लावली: “क्षमध्ये जे आहे त्यात एक मिळव, आणि क्षमध्येच ठेव.” तिने वहीत चौकट काढली, वर क्ष लिहिलं, आतला ५ खोडून ६ केला आणि पुढची ओळ वाचायला घेतली.