थोडं आधी जन्मलेलं बाळ आणि थायरॉईडची दुसरी तपासणी

आपल्या देशात थायरॉईडची, म्हणजे वाढीला आणि मेंदूला लागणारं संप्रेरक आयोडीनपासून बनवणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथीची, चर्चा सुरू झाली ती मिठापासून. 1956 मध्ये हिमालयातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी आयोडीनयुक्त मिठाचा अभ्यास हाती घेतला, 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. नवजात बाळाकडे लक्ष गेलं ते नंतर. अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी 1960च्या दशकात टाचेतल्या रक्ताचा थेंब कागदावर टिपून एका वेगळ्या आजाराची तपासणी सुरू केली होती. 1970च्या दशकात कॅनडाच्या क्युबेकमध्ये जाँ द्यूसो यांनी तोच थेंब थायरॉईडची कमतरता ओळखायला वापरला. त्याआधी मूल मागे पडल्याचं दिसेपर्यंत निदान होत नसे, आणि तोवर मेंदूचं नुकसान झालेलं असे.

पण तपासणीचं हे वेळापत्रक बसवलं गेलं ते पूर्ण दिवसांच्या बाळांवर. अशा बाळाचं टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक; ग्रंथी कमी पडली की ते वाढतं) जन्मानंतर अर्ध्या तासात उसळी घेतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं, म्हणून 48 तासांनंतर रक्त घेतात. 34 ते 36 आठवड्यांच्या बाळाची ही यंत्रणा कच्ची असते. उसळी लहान, टी-4 (थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक) कमी. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप जुळतं. काहींचं टीएसएच मात्र उशिरा वाढतं आणि पहिला रिपोर्ट नॉर्मल येतो, म्हणून दुसरी तपासणी लागते. 34 ते 36 आठवड्यांची बाळं अंगाने बरी दिसतात, म्हणून कितीतरी वर्षं त्यांना पूर्ण दिवसांच्या बाळांतच धरलं गेलं. 2005 नंतर त्यांचा वेगळा गट मानायला सुरुवात झाली. नाळेला किंवा त्वचेला आयोडीनचं औषध लावल्यानेही अशा बाळाची ग्रंथी काही काळ मंदावते, हे फार कमी घरांना ठाऊक असतं.

खानदेशात खरी अडचण दुसऱ्या तपासणीची आहे. बाळंतपण धुळ्याला किंवा जळगावला, तिथून बाळंतीण माहेरी. अक्राणी-अक्कलकुव्याकडची कुटुंबं तर ऊसतोडीला थेट गुजरातेत जातात. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं, ते राहूनच जातं. त्यात बाळ सारखं झोपत असेल, बारीक रडत असेल, तर घरात कौतुकच होतं: "किती गरीब आहे, त्रासच देत नाही." कावीळ लांबली, शी घट्ट झाली, दूध ओढताना बाळ थकू लागलं, तर त्या कौतुकावर थांबू नये.

उपचार महाग नाही. लेव्होथायरॉक्सिनची (कमी पडणाऱ्या टी-4ची) गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधातून रोज एकदा, डॉक्टरांनी वजनावर ठरवलेल्या मात्रेत. दोष तात्पुरता होता का, हे साधारण तीन वर्षांनी गोळी थांबवून पाहतात. डिस्चार्ज कार्डावर दुसऱ्या तपासणीची तारीख लिहून घ्यावी, आणि माहेरच्या तालुक्यात रक्त कुठे घेतील तेही तिथेच विचारावं.