एका बिटाची टंचाई आणि रोज नव्याने होणारा बॅकअप

पेन ड्राइव्हवर बॅकअप घेताना काही बिनसलं की दोन सल्ले हमखास मिळतात. ड्राइव्ह फॉरमॅट करून बघा, हा पहिला. त्यात व्हायरस शिरला असेल, हा दुसरा. मला दोन्हींचा राग येतो. पहिल्याने आधी घेतलेला बॅकअप पुसला जातो आणि दुसऱ्याने खरं कारण शोधायचं राहून जातं. बऱ्याचदा ड्राइव्ह धडधाकट असतो, सॉफ्टवेअरमध्येही दोष नसतो, आणि तरी त्या दोघांचं जमत नाही. अशा बेबनावाचा एक प्रकार मला फार आवडतो, कारण त्याचं मूळ फक्त एका बिटात आहे. त्याच्यासाठीच हा लेख.

लक्षण असं. काल सगळ्या फाइलींचा बॅकअप व्यवस्थित झाला. आज तुम्ही एकाही फाइलला हात लावलेला नाही. तरी बॅकअप सुरू केला की सॉफ्टवेअर जवळजवळ सगळ्याच फाइली 'बदललेल्या' ठरवतं आणि पुन्हा पहिल्यापासून कॉपी करत बसतं. उद्या तेच, परवाही तेच. पाच मिनिटांत व्हायला हवं ते काम तासभर चालतं, ड्राइव्ह तापतो, आणि माणूस वैतागून बॅकअप घेणंच सोडून देतो. हा शेवटचा परिणाम सगळ्यात वाईट.

फाइल बदलली आहे हे सॉफ्टवेअर ओळखतं कसं? प्रत्येक फाइल उघडून अक्षर न् अक्षर ताडून पाहणं शक्य असतं, पण त्याला फार वेळ लागतो. म्हणून बहुतेक सॉफ्टवेअर फाइलीच्या दोन नोंदी पाहतात: फाइलचा आकार आणि तिच्यात शेवटचा बदल झाल्याची वेळ. मूळ फाइलच्या आणि पेन ड्राइव्हवरच्या प्रतीच्या या दोन्ही नोंदी जुळल्या तर ती फाइल सोडून द्यायची, नाही जुळल्या तर पुन्हा कॉपी करायची. युक्ती चांगली आहे आणि तिच्यावर विसंबायलाही हरकत नाही. अट इतकीच, की दोन्हीकडचं घड्याळ सारख्याच बारकाईने लिहिलेलं असलं पाहिजे.

ते तसं नसतं. फाइली आणि त्यांच्या नोंदी डिस्कवर कशा मांडायच्या याच्या वेगवेगळ्या पद्धती (फाइल सिस्टिम) असतात. संगणकाच्या आतली डिस्क विंडोजमध्ये सहसा एनटीएफएस या पद्धतीने मांडलेली असते. ही पद्धत १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आली. ती वेळ मोजते १ जानेवारी १६०१ पासून, १०० नॅनोसेकंदांच्या टप्प्यांनी, म्हणजे एका सेकंदाचे एक कोटी भाग करून. पेन ड्राइव्ह मात्र बहुधा फॅट कुळातल्या एखाद्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. लहान ड्राइव्हवर फॅट३२ आजही सर्रास दिसते. फॅट३२ आली १९९६ मध्ये, पण तिच्यातली बदलाची वेळ लिहिण्याची रीत त्याहून जुनी, एमएस-डॉस या विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातली आहे. या रीतीत तारखेला १६ बिट मिळतात आणि वेळेला १६ बिट. एकूण ३२.

आता हिशेब मांडू. एक बिट म्हणजे ० किंवा १. पाच बिटांत ३२ वेगवेगळे आकडे लिहिता येतात, सहा बिटांत ६४. तासांचे आकडे २४, म्हणून पाच बिट लागतात. मिनिटं ६०, म्हणून सहा. सेकंदही ६०, म्हणजे आणखी सहा. बेरीज १७. तारखेकडे वर्षाला सात बिट (१९८० पासून मोजायचं, म्हणजे २१०७ पर्यंत पुरतं), महिन्याला चार आणि दिवसाला पाच. बेरीज १६. सगळे मिळून ३३ बिट झाले, आणि जागा आहे ३२ चीच.

एक बिट कमी पडला. तो सेकंदांच्या वाट्यातून कापला गेला. उरलेल्या पाच बिटांत ६० सेकंद मावत नाहीत, म्हणून तिथे सेकंदांची निम्मी संख्या लिहितात, ० पासून २९ पर्यंत. वाचताना तिची दुप्पट करायची. परिणामी या नोंदीत सेकंद कायम सम असतो. २४ असेल, २६ असेल, २५ कधीच असू शकत नाही.

उदाहरण घेऊ. फाइल दुपारी ३ वाजून ४७ मिनिटं २५ सेकंदांनी जतन केली. तास १५, त्याचे बिट ०११११. मिनिटं ४७, त्यांचे १०११११. सेकंद २५, पण २५ ची निम्मी पूर्ण संख्या नाही. विंडोज अशा वेळी पुढच्या सम सेकंदावर जाते, म्हणून २६ धरून त्याचे निम्मे १३, म्हणजे ०११०१. तिन्ही एकापुढे एक ठेवले की ०१११११०११११०११०१ असे सोळा बिट तयार होतात आणि ड्राइव्हवर तेवढेच लिहिले जातात. मूळ फाइल म्हणते २५ सेकंद आणि वर काही लाखांश, प्रत म्हणते २६. सॉफ्टवेअर दोन्ही आकडे तंतोतंत ताडून पाहतं, फरक दिसतो, फाइल पुन्हा कॉपी होते. नव्या प्रतीचं पूर्णांकन अगदी तसंच होतं. त्यामुळे उद्या तोच फरक पुन्हा दिसतो, आणि हे चक्र कितीही वेळा फिरवलं तरी थांबत नाही.

कोणाला वाटेल की हे फक्त विषम सेकंदाच्या फाइलींचं होत असेल. तसं नाही. एनटीएफएस सेकंदाचे बारीक तुकडेही लिहिते, आणि फाइल नेमकी सम सेकंदाच्या ठोक्यावर जतन होणं हा फारच दुर्मिळ योग. म्हणून जवळजवळ प्रत्येक फाइल या जाळ्यात सापडते.

मला यात सगळ्यात जास्त भावतं ते पुढचं गणित. खरं तर ३२ बिट पुरेसे होते. १९८० ते २१०७ या १२८ वर्षांतले सगळे सेकंद मोजले तर ते सुमारे ४०४ कोटी भरतात. ३२ बिटांत ४२९ कोटींहून अधिक वेगवेगळे आकडे लिहिता येतात. म्हणजे १९८० पासून किती सेकंद झाले एवढी एकच सलग संख्या लिहिली असती, तर एकही सेकंद न गमावता तेवढाच काळ तेवढ्याच जागेत बसला असता. जागा वाया गेली ती कप्पे पाडल्यामुळे. तासाच्या कप्प्यात ३२ आकड्यांची सोय आहे, वापर २४ चाच. महिन्याच्या कप्प्यात १६ ची सोय, वापर १२ चा. तारखेच्या कप्प्यातून फेब्रुवारीची ३० आणि ३१ तारीखसुद्धा लिहिता येते, जी कधी येतच नाही. तेहेतीस बिटांच्या मांडणीत जितक्या जुळण्या शक्य आहेत, त्यातल्या निम्म्याहून अधिक कधीच वापरल्या जात नाहीत. कप्प्यांचा फायदाही आहे: तास, मिनिटं, दिवस वाचायला भागाकार किंवा लीप वर्षाचा हिशेब करावा लागत नाही, बिट नुसते बाजूला सरकवले की आकडा हाती येतो. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने दुसरा मार्ग घेतला आणि १९७० पासूनच्या सेकंदांची सलग मोजणी ठेवली. दोन्ही मार्ग आपापल्या जागी समजूतदारपणाचेच आहेत. घोटाळा होतो तो एका मार्गाची नोंद दुसऱ्या मार्गाच्या नोंदीशी बरोबरीच्या चिन्हाने ताडली जाते तेव्हा.

पूर्णांकनाच्या दिशेलाही महत्त्व आहे. विंडोज वर जाते, म्हणून पेन ड्राइव्हवरची प्रत मूळ फाइलपेक्षा किंचित 'नवी' दिसते. दोन्ही बाजू एकसारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर असेल, तर ते या नव्या वाटणाऱ्या प्रतीला खरं मानून ती मूळ फाइलवर उलट कॉपी करू शकतं. मजकूर तोच असेल तर नुकसान नाही. पण ड्राइव्हवरची प्रत कधी अर्धवट लिहिली गेली असेल, तर चांगल्या फाइलच्या जागी बिघडलेली येऊन बसते. लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम मात्र सेकंद खाली छाटते, तिथे प्रत जुनी दिसते. एकच ड्राइव्ह दोन्हीकडे फिरवणाऱ्यांना त्यामुळे दोन्ही प्रकारचे फरक भेटतात.

याच कुळातली दुसरी अडचण पूर्ण तासांची. एनटीएफएस वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिते. फॅट भिंतीवरचं घड्याळ जे दाखवतं तेच लिहिते, आणि ते कुठल्या प्रदेशाचं हे नोंदवत नाही. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, तिथे एका रात्रीत सगळ्या फाइलींच्या वेळा एका तासाने सरकल्यासारख्या दिसतात. लॅपटॉप परदेशी नेऊन त्याचा टाइम झोन बदलला तरी तेच होतं. फाइली बदललेल्या नसतात, त्यांच्या नोंदीचा अर्थ लावण्याची चौकट बदललेली असते.

म्हणून निदानाची पहिली पायरी फार सोपी आहे. एका फाइलच्या दोन्ही प्रतींचे गुणधर्म उघडा आणि बदलाची वेळ सेकंदांपर्यंत वाचा. फरक दोन सेकंदांच्या आत असेल आणि ड्राइव्हवरचे सगळे सेकंद सम असतील, तर कारण मिळालं. फरक नेमका एका तासाचा किंवा दोन प्रदेशांच्या वेळांमधल्या अंतराएवढा असेल, तर दुसरं कारण मिळालं. फरक असा कुठल्याच साच्यात बसत नसेल, तरच पुढे शोधायचं.

उपाय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असतो, फक्त सेटिंगच्या आत कुठेतरी दडलेला. दोन सेकंदांपर्यंतचा फरक दुर्लक्षित करा, अशा अर्थाचा पर्याय शोधा. विंडोजच्या रोबोकॉपी या फाइली कॉपी करण्याच्या आज्ञेत एफएफटी नावाचा स्विच, म्हणजे आज्ञेला जोडायचा पर्याय, नेमका यासाठी आहे आणि डीएसटी हा स्विच एका तासाच्या फरकासाठी. आरसिंक हा फाइली कॉपी करणारा प्रोग्राम वापरणाऱ्यांनी मॉडिफाय-विंडो या पर्यायात एक किंवा दोन सेकंदांची सूट द्यावी. मग बॅकअप लागोपाठ दोनदा चालवा. मधल्या वेळात काही बदललं नसेल तर दुसऱ्या वेळी कॉपी झालेल्या फाइलींची संख्या शून्य आली पाहिजे. बॅकअपची याहून प्रामाणिक परीक्षा मला माहीत नाही.

ड्राइव्ह फॅट कुळातल्याच एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर परिस्थिती बरी असते. या पद्धतीत जुने ३२ बिट तसेच ठेवले आहेत, पण शेजारी एक जादा बाइट, म्हणजे आठ बिट, दिला आहे. त्यात ० ते १९९ असा आकडा बसतो आणि तो दोन सेकंदांच्या आतलं अंतर १० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी सांगतो. आणखी एका बाइटमध्ये वेळ कुठल्या प्रदेशाची हेही लिहिता येतं. हरवलेला बिट असा व्याजासकट परत आला. तरीही १० मिलिसेकंद आणि १०० नॅनोसेकंद यांच्यात एक लाख पटींचं अंतर आहे, त्यामुळे तंतोतंत तुलना करणारं सॉफ्टवेअर इथेही अडखळू शकतं. ड्राइव्ह फक्त विंडोजवरच वापरायचा असेल तर तो एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला उत्तम. मात्र त्याआधी त्यावरचं सगळं दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

एका क्लिकमध्ये पेन ड्राइव्ह दुरुस्त करून देण्याच्या जाहिराती दिसतात, त्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. वरच्या प्रकारात दुरुस्त करण्यासारखं काही मोडलेलंच नसतं. अमुक पोर्टच लाभतं, ड्राइव्ह थोडा वेळ काढून ठेवला की सुधारतो, या समजुतींनाही यात जागा नाही. फॅट३२ असलेला ड्राइव्ह पुन्हा फॅट३२ मध्येच फॉरमॅट केला तर तेच १६ बिट पुन्हा मिळतात. उलट रोजच्या फुकट कॉपीमुळे खराखुरा तोटा होतो. फ्लॅश मेमरीचा प्रत्येक भाग ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतो, आणि न बदललेल्या फाइलींवर ती मर्यादा खर्च होत राहते.

इतर भांडणं थोडक्यात. मोठी बॅकअप फाइल ४ जीबीपाशी अडत असेल तर तोही फॅट३२ चाच नियम आहे: फाइलचा आकार लिहायला तिथे ३२ बिट आहेत, म्हणून ४,२९,४९,६७,२९५ बाइटच्या पुढे आकडाच लिहिता येत नाही. ड्राइव्ह कितीही रिकामा असला तरी फरक पडत नाही. एक्सफॅट वापरा किंवा बॅकअपचे तुकडे पाडण्याचा पर्याय निवडा. काही सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हला ठिकाण म्हणून स्वीकारतच नाहीत, विंडोजची सिस्टिम इमेजची, म्हणजे संपूर्ण सिस्टिमची प्रत घेण्याची, जुनी सोय त्यातलीच. ड्राइव्ह जोडल्यावर संगणकाला सुरुवातीला जी माहिती देतो, तिच्यात 'मी काढता येण्याजोगा आहे' असं सांगणारा एक बिट असतो. पेन ड्राइव्हवर तो सहसा १ असतो, बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर ०. आणि बॅकअप ई ड्राइव्हवर जायला हवा असताना तो सापडत नसेल, तर दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हने ते अक्षर आधी घेतलं आहे का ते पाहा. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये आपल्या ड्राइव्हला वर्णमालेच्या शेवटाकडचं एखादं अक्षर नेमून दिलं की हा गोंधळ सहसा मिटतो.

बॅकअप संपल्यावर पडताळणी करत असाल तर ती लगेच करू नका. नुकतंच लिहिलेलं संगणकाच्या मेमरीत शिल्लक असतं, आणि पडताळणी ड्राइव्हऐवजी तिथूनच वाचून 'सगळं ठीक' म्हणू शकते. ड्राइव्ह रीतसर इजेक्ट करा, काढा, पुन्हा जोडा आणि मगच पडताळणी चालवा. इजेक्ट होत नसेल, ड्राइव्ह वापरात आहे असा संदेश येत असेल, तर पार्श्वभूमीत सतत लक्ष ठेवणारं बॅकअप सॉफ्टवेअरच त्याला धरून बसलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. त्याच्या चिन्हावर जाऊन ते आधी थांबवा.