शंभर अधिक वय

आमच्या सोसायटीतले अण्णा सकाळी चहाच्या आधी बीपीचं यंत्र दंडाला बांधून बसतात. परवा वरचा आकडा आला १७२. मी म्हटलं, "अण्णा, डॉक्टरांना दाखवून या." तर हसून म्हणाले, "अरे, वय किती माझं? बहात्तर. शंभर अधिक वय! परफेक्ट आहे."

हे गणित अण्णांच्या डोक्यातून निघालेलं नाही. एके काळी चांगले शिकलेले डॉक्टरही असंच मानत. ते किती महागात पडू शकतं हे पाहायचं तर १९४४ सालच्या अमेरिकेत जायला हवं. महायुद्ध ऐन भरात, आणि राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट चौथ्यांदा निवडणुकीला उभे राहण्याच्या बेतात.

मार्चअखेर त्यांना वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात नेलं. खोकला हटत नव्हता, चेहरा उतरला होता. तपासायला हॉवर्ड ब्रुएन नावाचे तरुण हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी पाहिलं ते असं: ओठ आणि नखं निळसर, तपासणीच्या टेबलावर नुसती कूस बदलली तरी धाप, फुप्फुसांच्या तळाशी पाण्याची करकर, हृदय चांगलंच वाढलेलं. रक्तदाब १८६/१०८. वय ६२. अण्णांच्या सूत्रानेसुद्धा हा आकडा बसत नाही.

मला खरं अस्वस्थ करतात ते जुन्या नोंदींतले आकडे. १९३५ साली १३६/७८, १९३७ मध्ये १६२/९८, १९४१ मध्ये १८८/१०५. म्हणजे मोजत होते, लिहीतही होते. खासगी डॉक्टर रॉस मॅकिंटायर मुळात नाक-कान-घशाचे, पण दोष एकट्या त्यांच्या माथी मारणं बरोबर नाही. वाढलेल्या रक्तदाबाच्या या दुखण्याला तेव्हा 'इसेन्शिअल हायपरटेन्शन' म्हणत, आजही म्हणतात. त्यातल्या 'इसेन्शिअल'चा मूळ अर्थ एवढाच, की कारण सापडत नाही. पण बऱ्याच जणांनी तो 'आवश्यक' असा घेतला. वय झालं, नळ्या ताठरल्या, आता रक्त पुढे ढकलायचं तर दाब जास्त लागणारच. पॉल डडली व्हाइट यांच्यासारखे हृदयरोगशास्त्रातले दिग्गजसुद्धा १९३१ साली म्हणत होते, की वाढलेला दाब ही शरीराचीच सोय असेल, तिला हात न लावलेला बरा.

ही समजूत चुकीची का, हे आमच्या सोसायटीच्या पाण्यावरून छान कळतं. चौथ्या मजल्यावरचे काका रोज ओरडतात, "पाणी चढत नाही!" वॉचमन पंप जास्त वेळ चालवतो. सगळ्या इमारतीत दाब वाढतो, दुसऱ्या मजल्यावरचे नळ गळू लागतात. पाणी सगळीकडे भरपूर असतं. काकांच्या स्वतःच्याच घरातली पाइप क्षाराने बुजलेली असते. शरीरातला असा तक्रारखोर रहिवासी म्हणजे मूत्रपिंड.

हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये क्लीव्हलँडला नेमकं हेच करून दाखवलं. कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमनीवर त्यांनी चांदीची छोटी चाप बसवली आणि थोडी आवळली. रक्त थांबेल इतकी नाही, जरा कमी येईल एवढीच. काही दिवसांत सगळ्या शरीराचा रक्तदाब चढला आणि चढलेलाच राहिला. मूत्रपिंडाला वाटलं, अंगात रक्तच कमी आहे.

आता थोडं खोलात जाऊ, कारण मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे. मूत्रपिंडातल्या बारीक धमनिकांच्या भिंतीत काही पेशी दाबावर पाळत ठेवून असतात. दाब कमी वाटला, की त्या रेनिन नावाचं विकर (एन्झाइम) रक्तात सोडतात. हे रेनिन यकृताने रक्तात सोडलेल्या एका मोठ्या प्रथिनाचा तुकडा पाडतं, तो अँजिओटेन्सिन-१. फुप्फुसांतून जाताना दुसरं एक विकर त्याची आणखी दोन अमिनो आम्लं छाटतं, की झालं अँजिओटेन्सिन-२. खरा कारभारी हा. एकीकडे अंगभरच्या धमनिका आवळतो, दुसरीकडे मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक (हार्मोन) सोडायला लावतो. त्यामुळे मूत्रपिंड मीठ राखून ठेवतं, मिठामागे पाणी येतं, रक्ताचं आकारमान वाढतं. म्हणजे नळीही अरुंद आणि पाणीही जास्त.

आणि नळी अरुंद होण्याचा हिशेब साधा नाही. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. त्रिज्या निम्मी झाली तर त्याच दाबाला प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. नुसती १० टक्के घटली तरी ०.९ × ०.९ × ०.९ × ०.९ म्हणजे जवळपास ०.६६. एक तृतीयांश प्रवाह गेला! तो परत मिळवायला हृदयाने दीडपट दाब द्यायचा. या दाबाने धमनिकांच्या भिंती जाड होतात, आतली जागा आणखी घटते. मूत्रपिंडातल्या धमनिकाही त्याला अपवाद नाहीत. म्हणजे पुन्हा तक्रार, पुन्हा रेनिन. वर्तुळ पूर्ण. दाब ही सोय नव्हेच, तो स्वतःच पुढच्या बिघाडाचं कारण होऊन बसतो.

इकडे हृदयाचा डावा कप्पा पैलवानासारखा जाड होत जातो आणि एक दिवस दमतो. मागचं रक्त तुंबतं, पाणी फुप्फुसांत झिरपतं. ब्रुएन यांना ऐकू आलेली करकर ती हीच.

त्यांनी डिजिटॅलिस हे हृदयाचं औषध सुरू केलं, मीठ कमी केलं, सिगारेटी कमी करायला सांगितल्या. एप्रिलमध्ये रूझवेल्ट दक्षिण कॅरोलायनात महिनाभर विश्रांतीला गेले. फुप्फुसं मोकळी झाली, झोप लागू लागली, हृदयाचा आकारही उतरला. दाब मात्र उतरला नाही. डिजिटॅलिस हृदयाच्या पेशींत कॅल्शियम वाढवून आकुंचन जोरदार करतं. थोडक्यात, मोटर दुरुस्त झाली, बुजलेली पाइप तशीच राहिली. ती मोकळी करणारं भरवशाचं औषध त्या वर्षी पृथ्वीवर कुठेच नव्हतं. ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर तेव्हा अशा रुग्णांना जवळजवळ नुसता भात आणि फळं खायला घालत होते, तेही बिनमिठाचं. काहींचा दाब खरोखर उतरला. पण युद्ध चालवणाऱ्या माणसाला महिनोन्‌महिने आळणी भातावर कोण ठेवणार?

जुलैत रूझवेल्टना उमेदवारी मिळाली. १२ ऑगस्टला ब्रेमर्टनच्या नौदल गोदीत एका विनाशिकेच्या (युद्धनौकेच्या) डेकवरून त्यांचं भाषण रेडिओवर देशभर जात होतं. पोलिओमुळे उभं राहायला पायांना पोलादी पट्ट्या लागत, आणि वजन उतरल्याने त्या आता सैल. बोलता बोलता छातीत कळ आली, खांद्यांपर्यंत पसरली, सुमारे १५ मिनिटं टिकली. ते बोलतच राहिले. लोकांना एवढंच जाणवलं, की आज भाषण रंगलं नाही. त्याच महिन्यात त्यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार हॅरी ट्रुमन जेवायला आले, तर कॉफीत क्रीम ओतताना यजमानांचा हात इतका थरथरला, की कपापेक्षा बशीतच जास्त पडलं.

विरोधी उमेदवार थॉमस ड्यूई ४२ वर्षांचे. 'थकलेली म्हातारी माणसं' हा त्यांचा प्रचाराचा सूर. उत्तर म्हणून २१ ऑक्टोबरला रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून उघड्या मोटारीत, धो धो पावसात, तासन्‌तास फिरले. फोटो झकास आले. मॅकिंटायर प्रकृती उत्तम असल्याचं सांगतच होते. पावसात भिजणं ही काही हृदयाची तपासणी नव्हे, हे मतदारांना कोण सांगणार? ७ नोव्हेंबरला इलेक्टोरल कॉलेजच्या, म्हणजे राज्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींच्या, ४३२ विरुद्ध ९९ मतांनी रूझवेल्ट जिंकले.

पुढे १२ एप्रिल १९४५. जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जला चित्रकर्तीपुढे बसलेले असताना डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखू लागलं आणि शुद्ध हरपली. ब्रुएन धावत आले. वरचा दाब ३०० च्या पुढे, खालचा १९०. मेंदूतला रक्तस्राव. दुपारी ३.३५ ला सगळं संपलं.

अमेरिकेतही 'शापा'वर विश्वास ठेवणारे आहेत बरं! १८४० पासून दर वीस वर्षांनी, शून्याने संपणाऱ्या सालात निवडून आलेला अध्यक्ष पदावरच मरतो, म्हणे. १९४० च्या निवडणुकीमुळे रूझवेल्टही त्या यादीत. (वारले ते १९४४ च्या कारकिर्दीत, पण शापाला एवढा बारकावा चालत नसावा.) १९८० चे रेगन दोन्ही कारकिर्दी पुऱ्या करून घरी गेले. १९३७ पासून केसपेपरवर चढते आकडे लिहिलेले असताना शापाकडे कशाला जायचं?

औषधांच्या कथेत एक पान मुंबईचं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात ५० रुग्णांवरचा अभ्यास छापला. औषध सर्पगंधेच्या मुळांचं, दाब कमी करणारं. तिच्यातलं रिसर्पिन हे औषधी द्रव्य पुढे वेगळं काढलं गेलं आणि जगभर वापरलं गेलं. ते काही रुग्णांना खिन्न करतं हेही नंतर दिसलं. तेव्हा 'आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही' म्हणून बागेतलं मूळ उकळून पिऊ नका. १९५८ मध्ये लघवीवाटे मीठ काढणारं क्लोरोथायझाइड आलं, आणि तक्रारखोर रहिवाशाच्या रेनिनची साखळी तोडणाऱ्या गोळ्या त्याहून उशिरा.

त्यातलीच एक गोळी आता अण्णांनाही चालू झालीय. काल जिन्यात भेटले, खुशीत होते. आकडा १२८ आला होता.

"मस्त!" मी म्हटलं.

"हो ना," अण्णा म्हणाले, "म्हणून आजपासून गोळी बंद."