रुग्णालयातील प्रतिजैविकांचे नियमन

कोणत्या रुग्णाला कोणते प्रतिजैविक, किती मात्रेत आणि किती दिवस द्यायचे, यावर रुग्णालयाने ठेवलेली देखरेख. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, फिजिशियन, फार्मासिस्ट आणि परिचारिका यांची समिती हे काम पाहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे ‘ॲक्सेस’ (आधी वापरायची), ‘वॉच’ (जपून वापरायची) व ‘रिझर्व्ह’ (राखून ठेवायची) असे गट पाडले. कोलिस्टिनसारखी शेवटच्या फळीतली औषधे ‘रिझर्व्ह’मध्ये येतात. १ मार्च २०१४ पासून लागू असलेल्या औषध नियमांच्या ‘एच-१’ परिशिष्टामुळे औषध दुकानाला त्यातील औषधांच्या विक्रीची नोंद तीन वर्षे जपावी लागते. वॉर्डातल्या वापराला मात्र रुग्णालयाचीच शिस्त लागते.

ठाणे-नवी मुंबईत या शिस्तीची कसोटी पावसाळ्यात लागते. डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य तापाचे) रुग्ण एकाच वॉर्डात असतात आणि पहिल्या दिवशी तिन्ही ताप सारखेच दिसतात. गंभीर रुग्णाला सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविकाचे इंजेक्शन सुरू करणे चूक नाही, कारण ते लेप्टो आणि टायफॉईड दोन्हींवर चालते. चूक होते ती पुढे: डेंग्यूची एनएस-१ चाचणी पॉझिटिव्ह आली, जिवाणूसंसर्गाचे लक्षण नाही, तरी इंजेक्शन डिस्चार्जपर्यंत चालूच राहते. उलट बाजूही आहे. लेप्टोची आयजीएम (रक्तातील प्रतिपिंडांची) चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून तेवढ्यावर औषध थांबवू नये. सौम्य लेप्टोला डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ. दिवसातून दोनदा, सात दिवस पुरते.

म्हणूनच ४८ ते ७२ तासांनी होणारा फेरआढावा हा नियमनाचा कणा. औषध थांबवायचे, बदलायचे, की सलाईनऐवजी तोंडाने द्यायचे, हे कारणासह केसपेपरवर लिहिले जाते. त्यासाठी कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) मात्र नीट घेतलेले हवे: पहिल्या डोसआधी, दोन वेगळ्या जागांवरून, प्रौढांत दर बाटलीला ८ ते १० मिली रक्त. बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही. नर्सिंग होममध्ये दोन-तीन डोस घेऊन रुग्ण कळव्याच्या किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात पोहोचला, तर जंतू असूनही कल्चर कोरे येऊ शकते. सेप्टिक शॉकमध्ये (संसर्गामुळे रक्तदाब धोकादायक घसरतो तेव्हा) कल्चरसाठी खोळंबू नये. औषध तासाभरात जायला हवे.

जखमेत संसर्ग होऊ नये म्हणून शस्त्रक्रियेआधी सेफाझोलिन हे प्रतिजैविक २ ग्रॅम (वजन १२० किलो वा अधिक असल्यास ३ ग्रॅम) छेद घेण्यापूर्वीच्या ६० मिनिटांत देतात. शस्त्रक्रिया लांबल्यास चार तासांनी पुन्हा. वॉर्डातच इंजेक्शन टोचून रुग्णाला थिएटरबाहेर ताटकळत ठेवले, तर ही वेळ हुकते. टाके काढेपर्यंत गोळ्या चालू ठेवण्याचा रिवाज निराधार आहे. बहुतेक स्वच्छ शस्त्रक्रियांत २४ तासांपुढे काहीच लागत नाही.

जपून वापरायच्या औषधासाठी घ्यायच्या परवानगीच्या फॉर्मवर नुसत्या विसंबणाऱ्या समित्या फसतात. मेरोपेनेमसारखे प्रभावी प्रतिजैविक अडवले की दुसऱ्या एखाद्या औषधाचा खप वाढतो. म्हणून दर १,००० रुग्णदिवसांमागे (एका रुग्णाचा रुग्णालयातला एक दिवस म्हणजे एक रुग्णदिवस) प्रत्येक औषधाचे उपचारदिवस वेगळे मोजावेत. एकाच दिवशी दोन औषधे दिली, तर ते दोन उपचारदिवस धरतात.